विंचवाच्या विषातले सदतीस मणी

मृगाचा पाऊस तोंडावर आला की आपल्या रायगड जिल्ह्यात घरोघरी एकच गडबड सुरू होते. लाकूडफाटा पडवीत भरायचा, शेणी माळ्यावर चढवायच्या, कौले चाळायची, झावळ्यांचे आडोसे बांधायचे. वर्षभर न हललेल्या वस्तू या आठवड्यांत हलतात आणि त्यांच्याखाली वर्षभर निवांत असलेला एक भाडेकरूही हलतो. त्याचे नाव विंचू. जांभ्या दगडाच्या गडग्यात, पेंढ्याच्या उडवीखाली, किनाऱ्यावर पसरून ठेवलेल्या जाळ्यांच्या ढिगात तो सापडतो. दंशाचे रुग्णही याच दिवसांत आणि पुढे भातकापणीच्या सुमारास जास्त येतात.

रुग्णाला घेऊन आलेले लोक मला हमखास एक प्रश्न विचारतात. "डॉक्टर, विंचू तो केवढा, त्याच्या नांगीतले विष ते केवढे, आणि त्याने धडधाकट माणूस मरतो कसा?" प्रश्न रास्त आहे. एका दंशातले विष मिलिग्रॅमच्या हिशोबात मोजावे लागते. जेवताना चिमूटभर मीठ जास्त झाले तर आपण फक्त नाक मुरडतो. मग त्या चिमटीच्या शतांशाहूनही कमी असलेले विष एवढा गोंधळ कसा घालते? याचे उत्तर विषाच्या प्रमाणात नाही, त्याच्या घडणीत आहे. आज त्या घडणीविषयी थोडे सांगतो. विषय शास्त्रातला असला तरी त्याचा शेवट आपल्या पडवीतच होणार आहे.

माळ आणि गुंडाळी

विंचवाचे विष म्हणजे मुख्यत्वे प्रथिने. डाळ, मासळी, अंडी यांत असतात तीच जात. प्रथिन ही एक माळ असते आणि तिचे मणी म्हणजे अमायनो आम्ले. मण्यांचे प्रकार मुख्यतः वीसच. मुळाक्षरे मोजकी असली तरी शब्द अगणित होतात, तसेच या वीस मण्यांतून हजारो प्रथिने तयार होतात. इन्सुलिनच्या माळेतले मणी कोणत्या क्रमाने ओवलेले आहेत हे फ्रेडरिक सँगर यांनी शोधून काढले आणि त्यासाठी त्यांना १९५८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण माळ सरळ ताणलेली राहिली तर ती काहीच काम करीत नाही. ती स्वतःभोवती गुंडाळली जाते. काही मण्यांना पाणी आवडत नाही, ते आत दडी मारून एकमेकांना चिकटतात. काहींवर धन विद्युतभार असतो, काहींवर ऋण, ते एकमेकांना ओढतात. सिस्टीन नावाच्या मण्यात गंधक असते. असे दोन मणी जवळ आले की त्यांच्यात गंधकाचा पक्का टाका पडतो. या सगळ्यामुळे माळेत एकमेकांपासून लांब असलेले मणी गुंडाळीत मात्र खेटून बसतात. शास्त्रज्ञ याला संपर्क म्हणतात. आपण त्याला शेजार म्हणू.

शेजार मोडला की काय होते ते स्वयंपाकघरात रोज दिसते. अंडे उकडले की पातळ पांढरे घट्ट होते. मणी तेच, त्यांचा क्रमही तोच, फक्त उष्णतेने जुना शेजार सुटला आणि नवा गुंता झाला. दुधात लिंबू पिळले की ते फाटते, तिथेही आम्लाने शेजाराचा तोल बिघडवलेला असतो. ब्यूटी पार्लरमध्ये केस कुरळे करतात तेव्हा तर गंधकाचेच टाके आधी उसवून, केस हवे तसे वळवून, पुन्हा घालतात.

शेजार मोजायचा कसा?

आधी प्रथिनातल्या प्रत्येक अणूची जागा ठरवावी लागते. प्रथिनाचे स्फटिक करून त्यावर क्ष-किरण टाकणे हा त्याचा जुना मार्ग. याच मार्गाने केंब्रिजच्या जॉन केंड्रू आणि मॅक्स पेरुट्झ यांनी स्नायूतल्या आणि रक्तातल्या प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनांची रचना दाखवली. त्यांना १९६२ साली नोबेल मिळाले. जागा कळल्या की उरलेले काम हिशोबनिसाचे. प्रत्येक मण्यातला एक ठरावीक कार्बन अणू धरायचा, कोणत्याही दोन मण्यांमधले अंतर मोजायचे आणि ते साधारण ८ अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर त्या दोघांना शेजारी म्हणायचे. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. आपल्या केसाच्या जाडीत असे पाच ते दहा लाख अँगस्ट्रॉम मावतात.

रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ५७४ मणी आहेत. म्हणजे तपासायच्या जोड्या १ लाख ६४ हजार ४५१. हाताने करायला बसलो तर जन्म जाईल, संगणक ते क्षणात करतो. मग चौकटीच्या कागदावर शेजाऱ्यांच्या घरांत ठिपके मांडले की प्रथिनाचा नकाशाच तयार होतो. जाणकाराला नुसत्या ठिपक्यांवरून सांगता येते की इथे माळेने मळसूत्रासारखा पीळ घेतला आहे आणि इथे तिच्या पट्ट्या शेजारी शेजारी पसरल्या आहेत.

या शास्त्रात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली एक साधा विचार मांडला. दोन अणू एकमेकांच्या अंगात घुसू शकत नाहीत, तेव्हा माळ वळवण्याचे बरेचसे कोन मुळातच अशक्य आहेत. कोणते कोन शक्य आणि कोणते अशक्य याचा त्यांनी आलेख काढला. जगातली कोणतीही प्रयोगशाळा नवी रचना प्रसिद्ध करण्यापूर्वी आजही ती रामचंद्रन आलेखावर पडताळून पाहते. प्रथिनांच्या रचनांचा जागतिक संग्रह १९७१ साली अवघ्या सात रचनांवर सुरू झाला. आज त्यात दोन लाखांहून जास्त रचना आहेत आणि त्या सर्वांना फुकट पाहता येतात. अलिबाग किंवा माणगावच्या महाविद्यालयातला विद्यार्थीही त्या आपल्या संगणकावर फिरवून पाहू शकतो.

सातवा आणि अठ्ठाविसावा

आता आपल्या तांबड्या विंचवाकडे येऊ. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर असते, पण जिवावर बेततो तो बहुधा हा लहानसर, तांबूस विंचू. त्याच्या विषात अनेक प्रथिने आहेत. त्यांतल्या एकाचे नाव आयबेरिओटॉक्सिन. ते १९९० साली वेगळे काढले गेले आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींच्या अभ्यासासाठी वापरले जाते.

या माळेत मणी किती? फक्त ३७. म्हणजे तपासायच्या जोड्या अवघ्या ६६६. त्यांत गंधकाचे टाके तीन: सातव्या मण्याचा अठ्ठाविसाव्याशी, तेराव्याचा तेहेतिसाव्याशी आणि सतराव्याचा पस्तिसाव्याशी. माळेत सातवा आणि अठ्ठाविसावा यांच्यामध्ये वीस मणी आहेत, पण गुंडाळीत ते दोघे एकमेकांना जखडलेले आहेत. या तीन टाक्यांनी एक पीळ आणि एक पट्टी अशी घट्ट बांधली गेली आहे की ही एवढीशी गोळी सहजासहजी उसवत नाही. अंड्याचा बलक आणि पांढरे उकळत्या पाण्यात घट्ट होतात, अशी टाक्यांनी बांधलेली विषे मात्र उष्णतेला बरीच दाद देत नाहीत. म्हणून दंशाच्या जागी गरम विटेचा शेक देऊन विष जळून जाईल, ही समजूत फोल आहे. चामडी भाजेल, विषाला काही होणार नाही.

अठ्ठाविसावा मणी जखडल्यामुळे त्याच्या शेजारचा सत्ताविसावाही नेमक्या जागी बाहेर डोकावत राहतो. हा मणी लायसीन, त्यावर धनभार. पेशीच्या आवरणात पोटॅशियम आत-बाहेर जाण्यासाठी प्रथिनांचीच बनलेली दारे असतात. हा सत्ताविसावा मणी त्या दाराच्या तोंडात बाटलीच्या बुचासारखा जाऊन बसतो. याच कुळातले दुसऱ्या एका विंचवाचे विष अशा दारात बसलेले असताना रॉडरिक मॅकिनन यांच्या प्रयोगशाळेने २०१३ साली प्रत्यक्ष रचनेत दाखवले. तिथेही दारात शिरलेला मणी सत्ताविसावाच होता.

विषातल्या दुसऱ्या गटातली प्रथिने थोडी मोठी, साठ-सत्तर मण्यांची, आणि त्यांत टाके चार. ती सोडियमच्या दारावर बसतात. मज्जातंतूतून संदेश जाताना हे दार उघडते आणि सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात बंद होते. विष त्या दाराच्या बिजागरीला असे पकडते की ते पुरते बंदच होत नाही. सोडियमचे दार उघडे अडकलेले आणि तंतूला शांत करणारे पोटॅशियमचे दार बुचाने बंद, म्हणजे संदेश थांबायचे नावच घेत नाहीत. फुटाफुटावर घंटा बडवणारा माणूस बसवावा तसे होते.

पाहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर हेच. मिठाचा कण अंगात कुठेही जातो. विषाचा रेणू मात्र मोजक्या दारांवर, मोजक्या मण्यांशी शेजार जुळवूनच बसतो. कुलूप लहान असेल तर किल्लीही लहानच पुरते.

अंगात पुढे काय होते

सतत वाजणाऱ्या या घंटांमुळे शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. सुरुवातीला उलट्या, दरदरून घाम, तोंडाला पाणी सुटणे. मग रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब चढतो. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी साचते. रुग्णाला धाप लागते, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. ही शेवटची पायरी. लहान मुलांत ती लवकर येते, कारण विष तेवढेच आणि अंग मात्र लहान.

महाडचे काम

हा क्रम नीट ओळखण्याचे काम आपल्याच जिल्ह्यात झाले. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी विंचूदंशाच्या गंभीर रुग्णांतले शंभरात पंचवीस-तीस दगावत. बावस्करांनी रुग्णांच्या खाटेशी बसून नोंदी केल्या. धोका येण्याआधी कोणती लक्षणे दिसतात यावरचा त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिन ही रक्तदाबासाठी वापरली जाणारी गोळी विंचूदंशावर वापरली. त्याविषयीचा लेख १९८६ साली पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच आला. प्राझोसिन वापरात आल्यावर मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उतरले. डॉ. हिंमतराव बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

प्राझोसिन विषाला हात लावत नाही. अ‍ॅड्रिनलिनच्या कुळातली द्रव्ये रक्तवाहिन्यांवरच्या ज्या प्रथिनात बसून त्या आवळतात, त्याच खाचेत ही गोळी आधी जाऊन बसते. म्हणजे हाही शेजाराचाच खेळ. चोराला पकडत नाही, पण त्याची जागा अडवून ठेवते. विष ओसरेपर्यंत हृदय सांभाळले जाते.

विषालाच पकडते ती प्रतिविष लस. घोड्याला थोडे थोडे विष टोचत गेले की त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. ही प्रतिपिंडेही प्रथिनेच. विषाच्या उंचसखलपणाशी त्यांचा शेजार इतका बेमालूम जुळतो की विष त्यांत अडकून पडते. महाडलाच ७० रुग्णांवर झालेली एक चाचणी २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण प्रतिविष व प्राझोसिन दोन्ही दिलेल्या ३५ जणांत ३२ होते, नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांत ८.

इथे एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. अनेक नातेवाईक घाईघाईने म्हणतात, "डॉक्टर, सापाची लस आहे ना, तीच द्या." ती चालत नाही. सापाच्या विषासाठी घडलेल्या प्रतिपिंडांचा शेजार विंचवाच्या विषाशी जुळत नाही. एका घराची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लावून वेळ जातो, आणि वेळच तर आपल्याकडे नसतो.

एका मण्याचा फरक

शेजाराची ही गोष्ट विषापुरती नाही. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणारा सिकल सेल हा आजार पाहा. हिमोग्लोबिनच्या एका माळेत सहाव्या जागी एक मणी बदललेला असतो. फरक एकाच मण्याचा आहे हे व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५७ साली दाखवले. बदललेला मणी पाण्याला बिचकणारा. तो शेजारच्या रेणूतल्या तशाच खळग्यात जाऊन बसतो, रेणूला रेणू चिकटून दोर तयार होतात आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते. नको तिथे जुळलेल्या एका शेजाराने जन्मभराचे दुखणे लागते.

आता संगणक मण्यांच्या क्रमावरून गुंडाळीचा अंदाज करू लागले आहेत. त्यामागची युक्ती सुताराला लगेच कळेल. चौकटीची खाच मोठी केली की कुसूही जाड करावा लागतो. तसेच निरनिराळ्या प्राण्यांत तेच प्रथिन तपासले तर शेजारी मणी जोडीने बदललेले दिसतात, त्यावरून कोण कोणाला खेटून आहे ते ताडता येते. या कामासाठी डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना, आणि नवी प्रथिने रचण्यासाठी डेव्हिड बेकर यांना, २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बेकर यांच्या गटाने संगणकावर रचलेल्या प्रथिनांनी नागाच्या कुळातल्या सापांची काही विषे उंदरांत निष्प्रभ केल्याचे जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. घोड्याची गरज नसलेले प्रतिविष हे त्यांचे उद्दिष्ट आहे. पण ते उंदरांपर्यंतचे काम आहे. आज आपल्या हाताशी आहे ते प्राझोसिन, प्रतिविष आणि घड्याळ.

मांत्रिकाला यश का येते?

कारण बऱ्याच दंशांत विष थोडेच उतरते. नुसती कळ येते आणि काही तासांनी ती आपोआप कमी होते. मंत्र टाकला असता, कांदा चोळला असता किंवा स्वस्थ पडून राहिले असते तरी ती गेलीच असती. पण ज्याला पुरे विष गेले आहे त्याच्या बाबतीत हेच तास मोलाचे असतात. सोडियमच्या दारावर बसलेल्या रेणूला मंत्र ऐकू येत नाही. आणखी एक सांगतो. कळ किती आहे यावर धोका ठरत नाही. कळ फार असून बाकी काही नसेल तर बहुधा निभावते. कळ बेताची, पण घाम आणि उलट्या सुरू, तर ताबडतोब निघावे.

वाचकांनी एवढे कापून भिंतीला लावावे

१. दंशाची वेळ लक्षात ठेवा व डॉक्टरांना सांगा. रुग्णाला धीर द्या, जागा साबणपाण्याने धुवा.

२. चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका, दोरीने आवळू नका, डाग देऊ नका.

३. उलटी, दरदरून घाम, लाळ, गार पडलेले हातपाय यांपैकी काही दिसले की रुग्णालय गाठा. पुरुषांत व मुलग्यांत इंद्रियाला ताठरता येते. हे विष चढल्याचे महत्त्वाचे लक्षण आहे, लाजेपोटी लपवू नका.

४. मूल असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

५. प्राझोसिनची गोळी डॉक्टरांनीच द्यायची असते. ती दिल्यावर रुग्णाला उठवून बसवू किंवा चालवू नका, रक्तदाब एकदम उतरू शकतो.

६. लाकडे, शेणी, पेंढा, जाळी हलवताना आधी काठीने हलवा. चपला, बूट झाडून घाला. अंथरूण भिंतीपासून दूर, शक्यतो खाटेवर घाला. रात्री परसात जाताना बॅटरी न्या.

आपल्या गावाजवळच्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन आणि विंचवाचे प्रतिविष आहे की नाही, याची चौकशी पाऊस सुरू होण्यापूर्वी करून ठेवा. ग्रामसभेत विचारा. दंश झाल्यावर विचारायला फार उशीर झालेला असतो.